सासूबाईंच्या जबड्यातले दोन स्क्रू

माझ्या सासूबाईंचा पुढचा दात केळं खाताना पडला. पिकलेलं, मऊ केळं. ज्या बाईंनी आयुष्यभर सोड्याच्या बाटल्यांची बुचं दातांनी उघडली, माझ्या लग्नात माझ्याच बॅगेची अडकलेली चेन सगळ्या पाहुण्यांदेखत दातांनी ओढून दिली, त्यांना शेवटी एका केळ्याने चीत केलं. दात केळ्यातच रुतून उभा राहिला. सासूबाईंनी तो उपटून बशीत ठेवला, उरलेलं केळं संपवलं आणि मग आमच्याकडे बघून म्हणाल्या, "हथायचं नाही."

मी हसले नाही. त्यांना हसण्याची किंमत काय असते ते मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी कळलं होतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं, आणि ते वर्तमानपत्र बराच वेळ थरथरत राहिलं.

सासूबाई बसस्टँडवर अनाउन्सर होत्या. ही नोकरी त्यांना अर्ज करून मिळाली नव्हती, भांडून मिळाली होती. तरुण असताना एका ड्रायव्हरने त्यांना फलाटावर धावत येताना बघूनही गाडी हलवली. सासूबाईंनी जागेवर उभं राहून त्याच्या मागच्यापुढच्या सगळ्या पिढ्यांचा असा उद्धार केला, की फाटकाबाहेर गेलेली गाडी मागे आली. तेव्हाचे आगारप्रमुख वरच्या खिडकीत चहा पीत उभे होते. स्टँडवरचा कर्णा कायम बिघडलेला असायचा. त्यांनी खाली शिपाई पाठवून विचारलं, बाईंना नोकरी करायची आहे का.

पुढे कर्णा दुरुस्त झाला, पण ड्रायव्हर लोक सासूबाईंनाच 'भोंगा' म्हणत राहिले. त्या नुसता गाडीचा नंबर आणि फलाट सांगून थांबत नसत. "बारा नंबरची गाडी फलाट चारवर लागली आहे. ड्रायव्हर पानाच्या टपरीवर आहे. त्याला मी बघतेय, तुम्हीही बघा." असं सगळ्या स्टँडला ऐकवत. गाड्या वेळेवर सुटत त्या या भीतीपोटी.

सासरे त्याच आगारात गाड्यांवरच्या पाट्या रंगवत. अक्षर सुरेख, एकेक वळण बघत राहावं असं. पण त्या पाट्या कोणी वाचत नसे, कारण गावाला सासूबाईंच्या आवाजावर चालायची सवय लागलेली. "मी जन्मभर अक्षर काढलं," सासरे म्हणायचे, "आणि वाचलं फक्त गाड्या धुणाऱ्याने." यावरून दोघांत भांडण झालं नाही. भांडायला दोन माणसं बोलणारी लागतात.

तर दात. मी सासूबाईंना दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्या आणि तोंडाने सासूबाईंएवढ्या. त्यांनी आत आरसा घातला, एका बारीक सळईने हिरड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "केळ्याला उगाच दोष देऊ नका. हिरडीने हा दात कधीच सोडला होता. शेजारचे दोन तर नुसते भाड्याने राहतायत."

"माझे दात पोलादी आहेत," सासूबाई म्हणाल्या.

"दात पोलादी आहेत. भिंत ढासळली आहे. ब्रश करताना रक्त येत होतं?"

"ब्रश कडक होता."

"किती वर्षं कडक होता?"

सासूबाईंना कोणी असा उलटा प्रश्न विचारलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं, जणू ब्रश मी आणला होता.

शेजारचे दोन दातही काढावे लागले. वरच्या ओळीत बरोबर समोर तीन दातांची खिंड पडली. डॉक्टरीणबाईंनी दोन मार्ग सांगितले. एक, काढघाल करायच्या दातांची पट्टी. दुसरा, इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात. बाजूचे दात घासून त्यांच्या आधाराने पूल बांधता आला असता, पण तेही फार भरवशाचे नव्हते. सासूबाईंनी पट्टी निवडली. "हाडात स्क्रू मारायला मी कपाट आहे का?"

पट्टीची आमच्या घराला सवय होती. सासऱ्यांना पूर्ण कवळी होती. ती नीट बसत नसल्यामुळे जेवताना ते ती काढून शर्टाच्या खिशात ठेवत आणि हात धुतल्यावर पुन्हा तोंडात घालत. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण आम्ही रोज दोन वेळा प्रत्यक्ष बघत होतो.

सासूबाईंची पट्टी मात्र पहिल्याच सकाळी कामावर फितूर झाली. माईक चालू करून त्या "प्रवाशांनी" एवढंच म्हणाल्या, आणि त्यातल्या 'प्र'बरोबर पट्टी सुटून माईकवर आपटली. ठक्क. आवाज आख्ख्या स्टँडभर घुमला. त्यामागून सासूबाईंनी पट्टीला जे काय म्हटलं तेही घुमलं. सगळ्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून दाद दिली. सासूबाईंनी पट्टी पर्समध्ये टाकली आणि पुढच्या घोषणा बोळक्या तोंडानेच केल्या.

खरा घोटाळा तिथून सुरू झाला. वरचे पुढचे दात गेले की जिभेला टेकायला जागा राहत नाही. 'स' हवेत विरतो. चहातला च शाबूत राहतो, चमच्यातला जातो. त्यामुळे घरी त्या चहा मागत आणि चमचा बोटाने दाखवत. घरी ते चालून गेलं. स्टँडवर आठ नंबरची गाडी बाळंतपणाच्या दवाखान्याकडे जायची आणि साठ नंबरची तुरुंगाकडे. सासूबाईंच्या साठातला स उडाला की उरे आठ.

एक आजोबा नव्या नातवाला बघायला निघाले होते. हातात झबलं, टोपरं, डब्यात खाऊ. कर्ण्याने सांगितलं तशी ते फलाट दोनवरच्या गाडीत बसले. पाटी सासऱ्यांच्या सुबक अक्षरात समोरच होती. ती बघायचं त्यांना सुचलं नाही. गाडीत त्यांचा डोळा लागला. शेवटच्या थांब्यावर उतरून ते समोरच्या मोठ्या फाटकातल्या पहारेकऱ्याला म्हणाले, "बघायला आलोय."

"कोणाला?"

"सकाळीच आलाय. पावणेतीन किलो भरला."

पहारेकऱ्याने कमरेवरचा पट्टा सावरला. "कसला माल? कोणी आणला?"

"आईच आणणार, दुसरं कोण?"

आजोबांची झडती झाली. डबा उघडला गेला, टोपरं उलटंपालटं करून पाहिलं गेलं. सुटका झाल्यावर ते तडक आगारात आले आणि टोपरं आगारप्रमुखांच्या टेबलावर आपटलं.

आताचे आगारप्रमुख सभ्य गृहस्थ. सासूबाईंच्या केबिनमध्ये शिरताना तेही दार वाजवत. ते म्हणाले, "बाई, तुम्ही जरा विश्रांती घ्या. तोवर आपण रेकॉर्ड लावू." रेकॉर्डमधली बाई मुख्य कार्यालयातून आली होती. आवाज मधासारखा. ती कोणालाच रागवत नसे. गाड्या उशिरा सुटू लागल्या.

सासूबाई घरी बसल्या. पहिले काही दिवस आम्ही शाळेला सुट्टी लागल्यासारखे घालवले. घरात पंख्याचा आवाज ऐकू येतो हे मला तेव्हा कळलं. मग एका दुपारी मी भाजीत मीठ घालायला विसरले आणि सासूबाईंनी ती मुकाट्याने खाल्ली. माझा नवरा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "आईला बरं नाहीये," तो हळूच म्हणाला.

त्या बोलायच्या तेव्हा तोंडावर हात धरायच्या. दारावर कोणी आलं की आत जायच्या. फोन वाजला तर मला खुणावायच्या. एकदा न्हाणीघराच्या दारावरून जाताना मला नळाचा आवाज आला आणि त्याखाली दुसरा आवाज. त्या बादलीत पाणी सोडून म्हणत होत्या, "हात, हतरा, हाठ." मग नळ आणखी मोठा केला. मी पाऊल न वाजवता परत फिरले. ज्या बाईचा मला धाक होता तिची मला कीव यावी, हे मला मुळीच आवडलं नाही.

तो विषय मी काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "चल. त्या बयेकडे."

सासरेही निघाले. वाटेत ते म्हणाले, "या वयात कशाला हाडं फोडून घेतेस? आता किती दिवस चावायचंय?"

"चावायला नकोत मला. बोलायला हवेत," सासूबाई तोंडावर हात धरून म्हणाल्या. "तुम्ही बोलत नाही म्हणून तुमचं खिशातल्या दातांवर भागतं." हे मी त्यांच्या मूळ उच्चारात लिहीत नाही, त्यांना ते खपणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी जबड्याचा स्कॅन पडद्यावर दाखवला. दात गेला की त्याला धरून ठेवणारं हाड निकामी होतं आणि हळूहळू झिजतं, म्हणून फार थांबू नये, असं त्या म्हणाल्या. तीन दातांसाठी तीन स्क्रू लागणार नव्हते. दोन टोकांना दोन स्क्रू, आणि त्यांच्यावर तिन्ही दात एकत्र. स्क्रू टायटॅनियमचे. शरीर त्या धातूला परका मानत नाही. हाड त्याच्या आट्यांत वाढतं आणि त्याला घट्ट धरतं. पण त्याला काही महिने लागतात, आणि तोवर त्यावर जोर द्यायचा नाही.

"एका बाजूला हाड पातळ आहे," त्या म्हणाल्या. "तिथे हाडाची भुकटी भरावी लागेल."

"कोणाचं हाड?"

"जनावराचंही मिळतं, कारखान्यात बनवलेलंही मिळतं."

"कारखान्याचंच घाला. गाढव घरात एक आहे, तेवढं पुरे."

सासऱ्यांनी छताकडे पाहिलं.

मग डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर, रक्तदाब, गोळ्या. आणि शेवटी, "सिगारेट?"

मी पर्समध्ये रुमाल शोधत होते. मान वर केली. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"कधीमधी," त्या म्हणाल्या.

"दिवसाला कधी किती आणि मधी किती?"

आमच्या घरात तंबाखूचं नाव काढायची सोय नव्हती. माझ्या नवऱ्याने कॉलेजात असताना एकदा ओढली तेव्हा त्याला याच बाईंनी अंगणात उभं केलं होतं. आणि आता त्यांच्याच तोंडून कळलं, की त्या स्वतः आगारातल्या गॅरेजमागे एका बुटक्या ड्रायव्हरबरोबर उभ्या राहून रोज ओढत होत्या. माझं तोंड उघडं राहिलं. सासरे मात्र शांत.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला वास येतो," सासरे म्हणाले. "कान गेलेत, नाक आहे."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. धुराने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही. आधी सिगारेट बंद, हिरड्यांची सफाई, मग स्क्रू. "नाहीतर मी हात लावणार नाही. तुमच्यासारख्या बाईची शिवी खायची माझी तयारी नाही."

"शिवी मी उगाच देत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण सोडली त्यांनी. कशी, ते आम्हालाच माहीत. घरातली सगळी भांडी त्यांनी घासून आरशासारखी केली, नंतर शेजाऱ्यांची मागितली.

स्क्रू बसवायच्या दिवशी मी आणि सासरे बाहेरच्या बाकावर होतो. आतून ड्रिलची घरघर येत होती, आणि सासूबाईंचा एक शब्दही येत नव्हता. सासरे सारखे उठून दाराजवळ जात आणि परत येत. त्या बाहेर आल्या तेव्हा वरचा ओठ सुजलेला, तोंडात कापसाचा बोळा. भूल उतरल्यावर त्यांनी सांगितलं, "दुखत नाही. कवटीत कोणीतरी गाडी मागे घेतंय असं वाटतं. ड्रायव्हर बरा होता." डॉक्टरीणबाईंचं इतकं कौतुक त्यांनी नंतर कधी केलं नाही.

मग थांबणं. थंड, मऊ खाणं; टाके निघाले; दाखवण्यापुरती हलकी पट्टी. आणि महिनेच्या महिने काही न होणं. आत हाड वाढतंय म्हणे. सासूबाई विचारायच्या, "वाढतंय हे कोणी बघितलं?" सिगारेट नाही, नोकरी नाही, बोलणं नाही. त्या खिडकीशी बसून राहत.

वेळ भरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी हिरडी उघडून तपासलं. डावा स्क्रू भिंतीतल्या खिळ्यासारखा घट्ट. उजवा मात्र हलला. त्यांनी पुन्हा हलवून पाहिला.

"हा धरला नाही. काढावा लागेल."

सासूबाई खुर्चीत उठून बसल्या. धातू खोटा आहे, भुकटी शिळी आहे, डॉक्टरांची पोरवयातली घाई आहे, असं सगळं त्यांनी ऐकवलं. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शंभरातले थोडे बसत नाहीत, काही न चुकताही. पण एक विचारते. ओढली होती का?"

"एक," सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "रोज एक."

"अहो, सांगितलं होतं ना मी?"

तेव्हा सासरे कोपऱ्यातल्या स्टुलावरून उठले. कवळी सैल होती, ती त्यांनी जिभेने सारखी केली. "पाकीट मी आणून दिलं."

आम्ही तिघीही त्यांच्याकडे बघू लागलो.

"ती बोलतच नव्हती," ते म्हणाले. "घरात कोणी मेल्यासारखं वाटायचं. मागच्या जिन्यावर बसून एक ओढली की ती बोलायची. ड्रायव्हरांना नावं ठेवायची. मला नावं ठेवायची. मला वाटलं, एकीने काय होतंय."

माझ्या आठवणीत सासरे एका दमात इतकं बोलले ते पहिल्यांदाच. डॉक्टरीणबाई हातमोजे काढायला लागल्या, खरंतर गरज नसताना. सासूबाई सासऱ्यांकडे बघत होत्या, आणि त्यांना काय म्हणावं ते सुचत नव्हतं. ते स्क्रू हलण्यापेक्षा मोठं होतं.

"मूर्ख माणूस," त्या अखेर म्हणाल्या. आवाज मात्र जिन्यावर बसून बोलतानाचा असावा.

उजवा स्क्रू काढला. जखम भरू दिली, मग जरा जाड स्क्रू बसवला, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. या खेपेला दोघं रोज संध्याकाळी मागच्या जिन्यावर जाऊन बसत, पाकिटाशिवाय. बोळक्या तोंडाने सासूबाई बोलत, बहिऱ्या कानाने सासरे ऐकत. त्या दोघांना एकमेकांचं किती कळत होतं देव जाणे, पण हसण्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. माझा नवरा म्हणाला, "हे वाईट आहे. आता दोघं मिळून आपल्याला नावं ठेवणार." तसंच झालं.

दुसऱ्या वेळी दोन्ही स्क्रू पक्के निघाले. मापं घेतली. दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी छोट्या नमुन्यांची पट्टी पुढे धरली. सासूबाईंनी सगळ्यांत पांढरा नाकारला. "बाकीच्यांना लाज वाटेल असा नको. जरा चहा प्यायलेला द्या."

दात बसले. आरसा दिला. सासूबाईंनी ओठ वर करून बघितलं, जिभेने मागून चाचपलं आणि म्हणाल्या, "स." शिट्टीसारखा आला. पुन्हा म्हणाल्या. पुन्हा शिट्टी.

"जिभेला काही दिवस द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीही घर बदलून आलीय."

ते काही दिवस आम्ही काढले. सासूबाई वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचत, कारण त्यात स फार असतात असं त्यांचं म्हणणं. सद्गुणी, सुस्वभावी, सुपुत्र, सून. "सगळेच मेल्यावर सद्गुणी," असंही मधे मधे म्हणत. शिट्टी एक दिवस गेली. आमच्या लक्षात आलं कारण त्या दिवशी त्यांनी माझ्या भाजीला नावं ठेवली आणि प्रत्येक अक्षर टणक होतं.

कामावर त्या न कळवता गेल्या. मीही गेले; मला चुकवायचं नव्हतं. केबिनमध्ये रेकॉर्डची पेटी होती. त्यांनी तिची वायर काढली, खुर्ची पुसली आणि माईक ओढला. मध्येच मधाळ आवाज बंद पडला म्हणून फलाटावरच्या माणसांनी वर बघितलं.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं," सासूबाई म्हणाल्या. "सतरा नंबरची गाडी फलाट सहावर उभी आहे. केव्हाच सुटायला हवी होती. ड्रायव्हर, सीटवर झोपलेले तुमचे पाय मला इथून दिसतायत. सॉक्स फाटलाय."

सीटवरचे पाय खाली गेले. इंजिन सुरू झालं. आगारप्रमुख जिना चढून केबिनच्या दारात आले, काहीतरी बोलणार होते, मग दार हळूच वाजवलं आणि चहा मागवू का विचारून खाली गेले. रेकॉर्डच्या पेटीवर सासूबाई पुढे डबा ठेवू लागल्या.

निवृत्त होईपर्यंत त्या तिथेच होत्या. आता सहा महिन्यांनी एकदा तपासणीला जातात, कारण स्क्रूला कीड लागत नाही पण भोवतीची हिरडी बिघडू शकते. रोज बारीक ब्रशने दातांच्या खालून साफ करतात, आणि ते करताना न्हाणीघराचं दार उघडं ठेवतात, म्हणजे आम्ही शिकावं. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी नवा एक्स-रे दाखवला. दोन पांढरेशुभ्र स्क्रू, आणि हाड त्यांच्या आट्यांना भिडून बसलेलं.

सासूबाईंनी बराच वेळ बघितलं. "मी मेल्यावर यांचं काय होतं? जळतात?"

"नाही. टायटॅनियम आहे. राखेत तसेच राहतील."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? चाळून घे. नाहीतर माझा मुलगा भंगारात देईल."

"आई, असं बोलू नका," मी म्हणाले.

"का? बोलायलाच तर बसवलेत," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीतून उतरून बाहेर बसलेल्या पेशंटांना सिगारेटबद्दल चार शब्द सुनवायला गेल्या.